बुडालेली नळी

"घंगाळातलं पाणी पुन्हा उलटं फिरू नये, तर यातला कुठला बसवू, तेवढंच सांगा चाचा."

"नळी कुठे होती?"

"नळीचं नंतर बोलू. आधी हे बघा."

सोपानने पिशवीतून काढलेले तीन व्हॉल्व्ह हौदाच्या कठड्यावर ओळीने मांडले. तिन्ही नवे होते, चकचकीत होते, आणि एकाच्या अंगावर तर कंपनीची चिठ्ठीही तशीच चिकटलेली होती. इसाकचाचा हौदाच्या कडेला उकिडवे बसून काथ्याने शेवाळ घासत होते. त्यांनी व्हॉल्व्हकडे पाहिलं नाही.

"उद्या सकाळी सातला पाणी सुटतं," सोपान म्हणाला. "त्याच्या आत मला काम उरकायचंय."

"हं."

टेकडीवरच्या दर्ग्यात दुपारी कुणी नसतं. असरच्या नमाजाला अजून तासभर होता. गावाची पाण्याची टाकी दर्ग्याच्या मागेच, त्यामुळे गावात तिसऱ्या दिवशी येणारं पाणी इथे दिवसभर असतं. भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाचं तोंड हौदातल्या पाण्याच्या वीतभर वर होतं. तिथून धार खाली पडे आणि तिचा आवाज सगळ्या अंगणात भरून राही.

सोपानला तो आवाज कधीच आवडला नव्हता. त्याच्यावर बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलावं लागे. मोठ्याने बोलू लागला की आपण चिडलोय असं त्याला वाटे, आणि मग तो खरोखरच चिडे.

इसाकचाचांनी गावात चाळीस वर्षं पाइप जोडले. निम्म्या घरांच्या भिंतींत त्यांच्या हातचं काम आहे आणि ते अजून गळत नाही, ही काही लहान गोष्ट नाही. हात थरथरू लागले तेव्हा ते टेकडीवर येऊन राहिले. आता हौद सांभाळतात, अंगण झाडतात आणि विचारल्याशिवाय कुणाला काही सांगत नाहीत. विचारल्यावरही फार सांगतात असं नाही.

सोपान दिवटे त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. मग त्याने बाजारात नळ-फिटिंगच्या सामानाचं दुकान काढलं आणि एका कंपनीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काच लावून गल्ल्यामागे टांगलं. अकरा वर्षांचं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे ते टांगता आलं नाही.

दुकान काढल्यापासून तो टेकडी चढला नव्हता. आज सहा वर्षांनी चढला.

"तुझं स्वतःचं दुकान आहे," चाचा म्हणाले. "असले पन्नास व्हॉल्व्ह फळीवर असतील. निवडायला एवढ्या उन्हात वर कशाला आलास?"

सोपानने घाम पुसला.

"तुम्ही निवडला म्हटलं, की वहिनी नळाचं पाणी पिईल."

चाचांचा हात थांबला.

"वहिनी पाणी पीत नाही?"

"आमच्या नळाचं नाही पीत. पंधरा दिवस झाले. चौकातल्या हातपंपावरून दोन कळशा आणते. गुडघा धरून धरून येते. मी आणून देतो म्हटलं, तर..."

"तर?"

"राहू द्या भावजी, म्हणाली. तुम्हाला दुकान असतं."

चाचांनी काथ्या बाजूला ठेवला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. दिराला भावजी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण सोपानची आई तो सहा वर्षांचा असताना गेली, आणि त्याच वर्षी अनसूयावहिनी लग्न होऊन घरात आली. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, गणिताच्या पेपराला त्याच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेली. गेली छत्तीस वर्षं ती त्याला सोप्या म्हणत होती. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी सोप्या. त्याला लाज वाटायची. आता ती तुम्ही म्हणत होती, आणि त्याला घरात जाववत नव्हतं.

"काय झालं ते सांग," चाचा म्हणाले.

"उलटं पाणी फिरलं."

"सगळं सांग."

सोपानने सांगितलं. दोघा भावांची घरं लागून आहेत. गावाकडून येणारा पाइप एकच, दारात त्याला फाटा फुटतो. एक फाटा सोपानच्या पडवीत जातो. तिथे त्याची बायको शैला विणकरांचं रेशीम रंगवते. दुसरा फाटा वहिनीच्या न्हाणीत. गल्लीत पाण्याला जोर नाही, म्हणून वहिनीच्या न्हाणीत गुडघाभर खड्डा खणून नळ त्यात खाली बसवलाय. गावात निम्म्या घरांत असेच खड्डे आहेत.

"त्या दिवशी शैलाने राणी रंगाच्या लड्या धुवायला घेतल्या होत्या. आठच्या सुमाराला पाणी गेलं. पाणी गेलं की पाइप रिकामा व्हायला लागतो, आणि रिकामा होताना ओढतो... हे मी तुम्हाला काय सांगायचं?"

"सांग."

"वहिनीचा नळ सगळ्यात खाली. तिने शेवटची घागर लावलेली. आमच्या घंगाळातलं पाणी उलटं वर चढलं, फाट्याने पलीकडे गेलं आणि तिच्या घागरीत उतरलं."

"तिला रंग दिसला नाही?"

"तांब्याची घागर. न्हाणीत उजेड नाही. तांब्यात राणी रंग काय दिसतो? तिने त्यातलंच पाणी उकळलं आणि तांब्याच्याच फुलपात्रातून चमच्याने नातीला पाजलं. आठ महिन्यांची आहे. ते झबल्यावर सांडलं तेव्हा..."

तो थांबला.

"झबलं पांढरं होतं," तो म्हणाला.

हौदात पाणी पडत राहिलं.

"पोर?"

"बरी आहे आता. दोन दिवस दवाखान्यात होती, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं म्हणून बरं. आता रांगते."

"अल्लाचे उपकार."

"दादा भांडला माझ्याशी. मला त्याचं काही नाही वाटलं. वहिनी एक शब्द बोलली नाही. ते झबलं तिने धुऊन वाळत घातलं. आमच्या अंगणातल्या दोरीवर. अजून गुलाबीच आहे ते. जाता येता दिसतं."

सोपानला रडू येत होतं. ते त्याने व्हॉल्व्हवरची चिठ्ठी नखाने खरवडण्यात घालवलं. चाचांनी त्याला खरवडू दिलं.

"नळी कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"चूक नळीची नव्हती चाचा, चूक व्हॉल्व्हची होती. मी बिनव्हॉल्व्हचं काम करीन का? आमच्या फाट्यावर उलट्या पाण्याची झडप होती. मी स्वतः बसवलेली, पितळी. पाणी एका बाजूनेच जाणार, उलटं यायला लागलं की झडप पडणार. पण ती पडलीच नाही."

"आणलीस?"

आणली होती. शर्टाच्या खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. जुना व्हॉल्व्ह त्याने खोलून दोन भाग केले होते. आतलं झाकण हिरवट पडलं होतं, आणि झाकणाच्या कडेला रेशमाचा एक धागा गुंतून बसला होता. राणी रंगाचा.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसतं. नखाने धाग्याचं टोक उचलून ते हळूहळू ओढू लागले. धागा दिसत होता त्याहून बराच लांब निघाला. त्यांनी तो ओल्या बोटांनी सरळ केला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"केवढासा तो," सोपान म्हणाला. "त्याने झाकण केसभर उघडं धरलं, बस. म्हणून तर नवा व्हॉल्व्ह घ्यायचा म्हणतोय. हे तीन बघा. जिल्ह्यात कुणाकडे मिळणार नाहीत असे आहेत."

"दाखव."

सोपानला हायसं वाटलं. सामान दाखवायला त्याला नेहमीच आवडतं. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याला हेच शिकवलं होतं, आणि ते त्याला पाठ होतं.

"हा पहिला. याची झडप लोंबती नाही, स्प्रिंगची आहे. स्प्रिंग तिला दाबून धरते."

"त्यात धागा अडकला तर?"

"मग... थोडंसं झिरपेल."

"दुसरा?"

"यात एकामागे एक दोन झडपा आहेत. एक चुकली तर दुसरी धरते."

"दोन धागे अडकले तर?"

"असं कधी होतं का चाचा?"

"तुझ्या पडवीत किती धागे असतात?"

सोपानने पहिले दोन व्हॉल्व्ह बाजूला सारले. त्याच्या पडवीत दांड्यादांड्यांवर लड्या टांगलेल्या असतात आणि एकेका लडीत किती धागे, ते शैलालाही सांगता येणार नाही.

"तिसरा," तो म्हणाला. "हा सगळ्यात भारी. यातही दोन झडपा आहेत, पण त्यांच्या मधे एक भोक आहे. आतली झडप बिघडली की हा पाणी मागे जाऊ देत नाही, त्या भोकातून बाहेर ओततो. खाली सगळं ओलं होतं. म्हणजे लगेच कळतं."

चाचांनी पहिल्यांदाच हात पुढे केला. तिसरा व्हॉल्व्ह उचलून त्यांनी फिरवून फिरवून पाहिला. भोकात करंगळी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"हा चांगला आहे. चूक झाली की आपणहून सांगतो."

"मग हाच बसवू ना?"

"अकरा वर्षांत तुला नाही जमलं ते."

सोपान हसला, पण ते हसू लवकर आटोपलं.

"याचं एकच आहे," तो म्हणाला. "दर वर्षी मीटर लावून तपासावा लागतो. आत गाळ बसला, रबर कडक झालं, तर बघावं लागतं."

"कोण तपासणार?"

"मी."

"आधीचा कोण तपासत होता?"

"...मीच."

"शेवटचा कधी तपासलास?"

आता सोपानचं प्रमाणपत्र दुकानात होतं आणि तो इथे होता. त्याने उरलेले दोन व्हॉल्व्ह पुन्हा नीट ओळीत लावले.

"बसवला तेव्हा," तो म्हणाला.

चाचांनी तिसरा व्हॉल्व्ह जपून खाली ठेवला.

"आतली झडप लागते की नाही, ते वहिनीला कसं कळणार?"

"मी सांगेन तिला."

"हं."

"म्हणजे... तुम्ही सांगितलंय असं सांगेन. म्हणून तर आलो. चाचांनी निवडलाय म्हटलं की ती नाही म्हणणार नाही. तिच्या न्हाणीतला नळ तुमच्या हातचा. तो अजून टिपका टाकत नाही, हे ती सगळ्यांना सांगत असते. तुमचा शब्द ती मानते."

"मी टेकडीवर बसलेला म्हातारा. माझा शब्द तुझ्या पाइपात कसा बसवणार? आटे पाडून?"

"चेष्टा नको चाचा."

"मी आज आहे. उद्या नसेन. मग ती कुणाच्या शब्दावर पाणी पिणार?"

उत्तर नसलं की सोपान जास्त बोलतो. तो म्हणाला की हल्लीचं पितळच हलकं येतं, की पाणी सोडण्याची वेळ नक्की नसते, की विणकर लोक घाई करतात, की शैलाला लड्या त्याच दिवशी द्यायच्या होत्या. चाचा ऐकत होते. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तेच विचारलं.

"नळी कुठे होती?"

धार पडत होती.

"घंगाळात," सोपान म्हणाला.

"घंगाळाच्या वर?"

"आत."

"किती आत?"

"...तळाला."

"कुणी घातली?"

कठड्यावर एक चिमणी येऊन पाणी पिऊन गेली.

"मी. शैला म्हणायची, वरून धार पडली की फेस होतो. शिंतोडे उडतात, शेजारच्या वाळत्या लड्यांवर ठिपके पडतात. एकदा एक अख्खी मोरपंखी लडी वाया गेली. आवाजही फार व्हायचा, पडवीत बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून मी नळाला लांब नळी जोडली आणि तळाशी एक दगड बांधला. वर येऊ नये म्हणून. मग सगळं शांत झालं."

"दगडही बांधलास?"

"हो."

"मी तुला पहिल्या आठवड्यात काय सांगितलं होतं?"

"नळाचं तोंड पाण्याला लागू द्यायचं नाही."

"मग?"

"मला माहीत होतं चाचा. पण झडप होती ना. झडप आहे म्हटल्यावर..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. पंधरा दिवस तो सगळ्यांना झडप दाखवत फिरला होता. दादाला, डॉक्टरांना, गल्लीतल्या माणसांना. तो धागाही दाखवला होता. दगड कुणाला दाखवला नव्हता. वहिनीलाही नाही.

त्याची नजर समोरच्या पाइपाकडे गेली, आणि तिथून त्याला ती हलवता येईना.

पाइपाचं तोंड तिरकं कापलेलं होतं. करवतीच्या दात्यांच्या खुणा गंजातूनही दिसत होत्या. सहा वर्षांपूर्वी, चाचा भाचीच्या लग्नाला बाहेरगावी गेले असताना, दर्ग्यातली मंडळी सोपानला म्हणाली होती की या पाण्याच्या आवाजाने नमाजात लक्ष लागत नाही. सोपानने अर्ध्या दिवसात पाइप वाढवून थेट हौदाच्या तळापर्यंत नेला. अंगण एकदम शांत झालं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. चौथ्या दिवशी चाचा परत आले, फाटकातच थांबले, कान देऊन ऐकलं. धार ऐकू येत नाही, म्हणजे पाइपाचं तोंड बुडालंय, हे त्यांना तिथेच कळलं. मग खोलीतून करवत आणली आणि सगळ्यांसमोर तो पाइप कापला. शब्दही न बोलता. तेव्हाही त्यांचे हात थरथरत होते, म्हणून काप तिरका गेला.

सोपानला तो अपमान वाटला होता. महिन्याभरात त्याने दुकान काढलं.

"भिंतीमागचा हा पाइप इथून पुढे कुठे जातो?" त्याने आता विचारलं.

"खालच्या वस्तीत. चाळीस घरं."

"...हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू तेव्हा का नाही विचारलंस?"

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. खोलीत गेले. आत काहीतरी शोधल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला. येताना त्यांच्या हातात लोखंड कापायची करवत होती. मुठीला सुतळी गुंडाळलेली. सोपानने ती लगेच ओळखली, सुतळी त्यानेच गुंडाळली होती.

ते त्याच्यासमोर बसले.

"हात पसर."

सोपानने उजवा हात पुढे केला.

"वीत कर."

त्याने अंगठा आणि करंगळी ताणली. चाचांनी मांडीवरचा धागा उचलला. एक टोक अंगठ्याच्या टोकाला धरलं, दुसरं करंगळीपर्यंत नेलं. चार बोटं धागा जास्त झाला. तेवढा त्यांनी दातांनी तोडला आणि उरलेला सोपानच्या तळहातावर ठेवला.

"एवढा."

"एवढा काय?"

"घंगाळ काठोकाठ भरलं, तरी पाणी आणि नळाच्या तोंडामधे एवढी जागा राहिली पाहिजे. नळी इथून काप." त्यांनी करवत धाग्याशेजारी ठेवली. "हे बसव."

सोपानने तळहाताकडे पाहिलं. मग तीन व्हॉल्व्हकडे.

"पण मधे काहीच नाही की चाचा."

"हां."

"नुसती रिकामी जागा."

"तिच्यात धागा कुठे अडकेल?"

सोपानने करवत मांडीवर घेतली.

"गाळ कुठे बसेल? रबर कडक होईल? मीटर लावून दर वर्षी काय तपासशील?" चाचांनी पुन्हा काथ्या हातात घेतला. "पाणी वरून खाली पडेल. खालून वर उडी मारणार नाही. अजून तरी मारलेली मी पाहिली नाही."

"आणि हे तीन?"

"तिसरा बसव हवं तर. चांगला आहे तो. पण आधी काप."

सोपानने धागा बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. पाच-सहा वेळा त्याने तसंच केलं. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याने सतरा प्रकारचे व्हॉल्व्ह पाठ केले होते, आणि आता त्याला न विकता येणारी एकच गोष्ट घेऊन खाली जायचं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. बरंही वाटलं, पण लाज जास्त वाटली.

"फेस येईल," तो हळूच म्हणाला.

"निवतो फेस."

"शिंतोडे उडतील. शैला बोलेल."

"दांड्या हात-दोन हात मागे सरकव. पडवी मोठी आहे तुझी."

"लोक हसतील. नळ-फिटिंगचं दुकान, आणि स्वतःच्या घरी नळी कापून ठेवलीय म्हणून."

चाचा शेवाळ घासू लागले.

"दादाला काय सांगू? वहिनीला?"

"नळी कुठे होती ते."

सोपानने डोळे मिटले. मग उघडले.

"दगडाचंही?"

"दगडाचंही."

"मग ती माझ्याशी बोलायचीच नाही चाचा."

"आता बोलते?"

बोलत होती. भावजी म्हणून. सोपानने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने व्हॉल्व्ह एकेक करून पिशवीत टाकले. पहिला, दुसरा, आणि शेवटी तिसरा, त्याला मात्र कागदात गुंडाळून. जुन्या व्हॉल्व्हचे दोन भाग त्याने तिथेच कठड्यावर ठेवले. धागा शर्टाच्या खिशात ठेवला, जिथे पंधरा दिवस ती पुडी होती. करवत काखेत धरली आणि वाकून चाचांच्या पायांना हात लावला. सहा वर्षांपूर्वी जाताना ते राहून गेलं होतं.

"जा बेटा. उजेड आहे तोवर काप."

तो फाटकापर्यंत गेला. तिथे, जिथे एकदा चाचा थांबले होते, तिथे तो थांबला. मागे धार पडतच होती. आज त्याने ती पहिल्यांदाच कान देऊन ऐकली, आणि त्याला शेवटची एक अडचण आठवली. तो तिथूनच मोठ्याने म्हणाला,

"चाचा, आवाज फार होईल. तासभर नुसती धो धो धार. सगळ्या घराला ऐकू येईल!"

चाचांनी हात न थांबवता विचारलं,

"वहिनीची न्हाणी कुठल्या बाजूला?"

"पडवीला लागूनच. मधे एक विटेची भिंत."

"मग तिलाही ऐकू येईल."